दिवा आणि खिडकी

रात्रीच्या वेळी हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल सर्वांच्या परिचयाची आहे. त्या दिव्याने तिचे नाव जगभर नेले. पण तिचे मोठे कार्य मात्र त्यामुळे काहीसे झाकले गेले. दुखणेकऱ्याला औषधाइतकीच मोकळ्या हवेची, उन्हाची, शांततेची आणि खिडकीतून दिसणाऱ्या आकाशाची गरज असते, ही गोष्ट तिने एका बलाढ्य साम्राज्याच्या कारभाऱ्यांच्या गळी उतरवली.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. त्या शहराचेच नाव तिला मिळाले. घराणे इंग्लंडमधील, सुखवस्तू. वडिलांनी तिला स्वतः ग्रीक, लॅटिन आणि इतिहास शिकवला. तिचा ओढा मात्र गणिताकडे. त्या काळी परिचारिकेचे काम हलके समजले जाई. तेच काम करण्याचा तिने ध्यास घेतला, तेव्हा घरात मोठे वादळ उठले आणि ते कित्येक वर्षे शमले नाही. अखेर १८५१ साली जर्मनीतील कायझरस्वर्थ येथे तिने शिक्षण घेतले, व १८५३ मध्ये लंडनमधील एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली. प्रत्येक मजल्यावर गरम पाणी नळाने यावे आणि रुग्णांचे जेवण वर चढवण्यासाठी उचलयंत्र असावे, असा आग्रह तिने तेथे धरला. परिचारिकेची शक्ती जिने चढण्यातच सरली, तर रुग्णाजवळ बसायला ती उरणार कोठून? इमारत कशी बांधली आहे यावर सेवा कशी होईल हे अवलंबून असते, हे तिने तेव्हाच हेरले होते.

पुढच्याच वर्षी इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. काळ्या समुद्राच्या काठी लढणाऱ्या इंग्रज सैनिकांना जहाजांतून कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथे आणले जाई. तेथील एका अवाढव्य तुर्की बराकीचे रुग्णालय बनवले होते. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांसह फ्लॉरेन्स तेथे पोहोचली. जे दिसले ते भयंकर होते. लांबच लांब ओवऱ्यांत रुग्णांच्या रांगा लागलेल्या. कित्येकांना खाट नाही, अंगावर धड वस्त्र नाही. उंदीर आणि उवा यांना मात्र तोटा नव्हता. तिने स्वयंपाकघर सुधारले, कपडे धुण्याची सोय केली, बिछाने आणि सदरे मिळवले. तिची रात्रीची फेरी सुरू झाली ती याच दिवसांत. सैनिक तिला देवासारखी मानू लागले.

परंतु मृत्यू थांबले नाहीत. उलट त्या हिवाळ्यात ते वाढतच गेले. १८५५ च्या फेब्रुवारीत तर दर शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ दगावले. मार्च महिन्यात इंग्लंडहून आरोग्य समिती आली आणि तिने इमारतीच्या पोटात काय दडले आहे ते पाहिले. बराकीखालची गटारे तुंबलेली होती. त्यांची दूषित हवा थेट रुग्णांच्या दालनांत येत होती. पाण्याच्या वाटेत मेलेले जनावर सडत होते. समितीने गटारे धुऊन काढली, भिंतींना चुना लावला, हवेला वाट करून दिली. जूनपर्यंत तेच प्रमाण शंभरामागे दोनाच्या आसपास आले.

युद्ध संपल्यावर १८५६ मध्ये ती इंग्लंडला परतली. अन्नवस्त्रांची टंचाई आणि आघाडीवरून मरणोन्मुख अवस्थेत आलेले सैनिक, हेच अनर्थाचे मूळ असा तिचा आरंभी समज होता. विल्यम फार या आकडेतज्ज्ञाच्या साहाय्याने तिने सर्व नोंदी ताडून पाहिल्या. तेव्हा जे पुढे आले ते तिला हादरवणारे होते. जखमांनी मेलेल्यांपेक्षा रोगांनी मेलेले कितीतरी अधिक होते. आणि ज्या इमारतीत ती रात्रंदिवस सेवा करीत होती, त्या इमारतीनेच अनेकांचा जीव घेतला होता. असा निष्कर्ष दडवून ठेवणे सोपे होते. देशभर जयजयकार चालू असताना तो कोणी विचारलाही नसता. फ्लॉरेन्सने तो रंगीत आकृत्यांत मांडला. वर्तुळाच्या बारा पाकळ्या म्हणजे बारा महिने. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, तांबडा जखमांचा. निळ्या पाकळ्यांचा विस्तार पाहून कोणत्याही मंत्र्याला आणखी स्पष्टीकरणाची गरज उरली नाही. शांततेच्या काळातही इंग्लंडमधील बराकींत तरुण सैनिक नागरिकांच्या दुपटीने मरत आहेत, हेही तिने दाखवून दिले.

तिचे शुश्रूषेवरील पुस्तक १८५९ च्या अखेरीस निघाले. त्यात औषधांपेक्षा खिडक्या, आवाज, अंथरूण आणि रंग यांचाच विचार अधिक आहे. तापाने पडलेल्या रुग्णाला लाकडी भिंतीच्या गाठींखेरीज काहीच दिसत नसेल, तर त्याचे हाल वाढतात, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. ती स्वतः आजारी असताना कोणी रानफुलांचा गुच्छ पाठवला आणि त्या क्षणापासून प्रकृतीला उतार पडू लागला, अशी आठवण तिने नोंदवली आहे. तिच्या काळी कित्येकांना हे हळव्या मनाचे खेळ वाटले असतील. १९८४ मध्ये अमेरिकेतील एका संशोधकाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

रोग दूषित हवेने होतो, अशी तिची समजूत होती. सूक्ष्म जंतूंचे शास्त्र तेव्हा नुकते उदयाला येत होते आणि तिने ते बराच काळ मानले नाही. कारण चुकले, पण स्वच्छ पाणी, वाहती गटारे आणि उघड्या खिडक्या हे उपाय मात्र अचूक ठरले. लंडनमधील सेंट टॉमस रुग्णालयात १८६० मध्ये तिच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली. १८७१ मध्ये त्याच रुग्णालयाची टेम्स नदीकाठची नवी इमारत उभी राहिली, तीही तिच्या मतांप्रमाणे: लांब दालने, दोन्ही बाजूंना समोरासमोर उंच खिडक्या, आणि खिडक्यांच्या मधोमध खाटा.

हिंदुस्थानात तिने कधी पाऊल ठेवले नाही. तथापि येथील लष्करी छावण्यांना प्रश्नावली पाठवून तिने पाणी, मोऱ्या, बराकी यांची खडान्‌खडा माहिती गोळा केली. येथे गोरे शिपाई वर्षाला हजारी ६९ मरत होते, हे १८६३ च्या अहवालाने सर्वांपुढे आले. पुढे तिची दृष्टी छावण्यांच्या कुंपणाबाहेर, खेड्यांतील विहिरी आणि उकिरड्यांकडे वळली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार झाला.

हे सारे काम तिने बहुतांशी अंथरुणात पडून केले. क्रिमियातील तापाने तिची प्रकृती कायमची ढासळली होती. लंडनमधील साउथ स्ट्रीटवरच्या घरातून ती क्वचितच बाहेर पडे. कागदांचे ढीग आणि त्यांवर निर्धास्त हिंडणाऱ्या मांजरी, हा तिचा दरबार. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, तिचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करण्याचा सन्मान कुटुंबीयांनी नम्रपणे नाकारला. ईस्ट वेलो या गावच्या चर्चच्या आवारात, मोकळ्या आभाळाखाली, तिची समाधी आहे. दगडावर तिच्या नावाची केवळ दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूची वर्षे कोरली आहेत.