फ्रांझ फॅनन
वसाहतवादाचे कठोर टीकाकार आणि मनोविकारतज्ज्ञ फ्रांझ फॅनन यांचा जन्म १९२५ साली मार्टिनिक बेटावर झाला. १९५३ मध्ये ते फ्रेंच अमलाखालील अल्जीरियात, ब्लिदा येथील सरकारी मनोरुग्णालयात विभागप्रमुख झाले. तेथे युरोपीय व मुस्लिम रुग्णांचे कक्ष वेगळे होते. सामूहिक उपक्रमांनी युरोपीय स्त्रियांना गुण आला. मुस्लिम पुरुष अलिप्तच राहिले. दोष रुग्णांचा नसून परक्या पद्धतीचा आहे, हे ओळखून फॅनन यांनी आवारात कहवाखाना उघडला, मुस्लिम सण साजरे केले. परंतु माणसाला स्वदेशातच परका करणाऱ्या राजवटीत मनावरचे उपचार निष्फळ ठरतात, या निष्कर्षाने त्यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. ६ डिसेंबर १९६१ रोजी, ३६व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ब्लिदाच्या रुग्णालयाला आज त्यांचेच नाव आहे.