एक्सप्लेनर : शुद्धीची अंघोळ नाकारली म्हणून वसतिगृह सुटले, कर्मवीर भाऊरावांनी शिस्तीचा अर्थ कसा बदलला?

सोनई (ता. नेवासा) : शाळेचा नियम सगळ्यांना सारखा असतो, असे आपण धरून चालतो. शिक्षा कोणाच्या वाट्याला येते हे पाहिले, की चित्र बदलते. अमेरिकेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त प्रमाणात निलंबित केले जाते, हे तिथल्या केंद्रीय शिक्षण खात्याच्या आकडेवारीतून वारंवार समोर आले आहे. आपल्याकडे हाच भेदभाव जातीच्या नावाने झाला. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांना विद्यार्थिदशेतच त्याचा फटका बसला.

१९०८ मध्ये नेमके काय घडले?

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज (जि. कोल्हापूर) येथे जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी कोल्हापूरला आल्यावर ते राजाराम हायस्कूलमध्ये शिकत आणि जैन बोर्डिंगमध्ये राहत. १९०८ मध्ये शहरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. भाऊराव उद्घाटनाला गेले. परतल्यावर अंघोळ करून शुद्ध झाल्याशिवाय आत घेणार नाही, असे त्यांना बजावण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला. हा शिस्तभंग ठरला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला.

वर्गाबाहेरचा मुलगा कोण होता?

भाऊरावांना निदान बोर्डिंगमध्ये प्रवेश तरी होता. अस्पृश्य मुलांना वर्गातही जागा नव्हती. इस्लामपूरच्या शाळेत एक मुलगा जातीमुळे वर्गाबाहेर बसलेला त्यांना दिसला. त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. भाऊरावांनी त्याला थेट कोल्हापूरला नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. ते पुढे विधिमंडळाचे सदस्य आणि ‘मूकनायक’चे संपादक झाले.

काढून टाकणाऱ्याशी वैर धरले का?

जैन बोर्डिंगची जबाबदारी तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण गाजले. लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांवर दबाव आला. त्यांनी कोठडीतला छळ सोसला, पण खोटे बोलले नाहीत. जुना राग काढण्याची संधी समोर होती. ती त्यांनी घेतली नाही.

त्यांच्या वसतिगृहात शिस्त नव्हती का?

होती आणि कडक होती. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले (ता. कराड) येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तिथे मुले एका पंगतीत जेवत आणि कष्टाची कामे स्वतः करत. बाहेर जी कामे ठरावीक जातींच्या माथी मारली जात, ती इथे सगळ्यांचीच होती. नियम सुटला नव्हता, त्यातली जात गळाली होती. मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते.

आज याचा संबंध काय?

जानेवारी २०१३ मध्ये याच सोनई परिसरात आंतरजातीय प्रेमसंबंधाच्या कारणावरून तीन दलित तरुणांची हत्या झाली आणि राज्य हादरले. जातीची उतरंड माणूस जन्मतः शिकत नाही, ती त्याला शिकवली जाते. शाळेत कोणाला पुढे बसवले जाते, झाडू कोणाच्या हाती दिला जातो आणि कोणाच्या चुकीला माफी मिळते, हे मुले रोज पाहत असतात.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे. मात्र शिक्षा कोणत्या समाजातील मुलांना जास्त होते, हे मोजण्याचे बंधन या कलमात नाही. अशी नोंद ठेवायला शाळांना कोणाची आडकाठीही नाही. शिस्त सगळ्यांना सारखी आहे की नाही, हे त्या वहीतूनच कळेल.