दाढेच्या अंधारात उजेड

1989च्या पावसाळ्यात बँकेच्या वसुलीसाठी मी वांगणीला गेलो होतो. जव्हार-मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यात. पालघर जिल्हा झाला तो 2014 साली. एका खातेदाराच्या ओटीवर नाचणीची भाकरी खाताना खालची दाढ अशी ठणकली की पासबुकातले आकडे दिसेनात. घरातल्या आजींनी दाढेत किडा असल्याचं निदान करून धुरी घ्यायला सांगितलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी त्र्यंबकमार्गे नाशिक गाठलं.

तिथल्या दंतवैद्यांनी दाढेच्या मुळात केसासारखी बारीक सुई सरकवली, एक्स-रे काढला आणि फिल्म खिडकीशी धरून दाखवली. सुईची पांढरी रेघ मुळाच्या टोकापाशी पोहोचली होती. ही युक्ती प्रथम कोणाची, या कुतूहलापायी पुढे मला डॉ. एडमंड केल्स भेटले.

केल्स यांचा जन्म 1856चा, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा. वडील दंतवैद्य. मुलगाही न्यूयॉर्कहून 1878 साली पदवी घेऊन त्याच व्यवसायात आला. नव्याचा सोस दांडगा. दवाखान्यात बायका काम करत नसत, त्या काळात, 1885 साली, त्यांनी एका तरुणीला मदतनीस नेमलं.

1895 साली जर्मनीत राँटजेन यांना क्ष-किरण सापडले आणि पुढच्याच वर्षी केल्स यांनी यंत्र बसवलं. तोवर मुळाचा तळ हाताच्या अंदाजानंच शोधावा लागे. 1899 साली त्यांनी एका रुग्णाच्या पुढच्या दाताच्या मुळात शिशाची तार घालून चित्र घेतलं. तार कुठवर गेली, ते डोळ्यांना दिसलं.

पुढे याच चित्रांचा गैरवापर सुरू झाला. शरीरातल्या नाना दुखण्यांचं खापर दातांवर फोडून ते सरसकट उपटले जाऊ लागले. केल्स यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. चित्र दात वाचवण्यासाठी आहे, ही त्यांची भूमिका होती.

आणि चित्र फसवतंही. खालच्या दाढेला सहसा दोन मुळं असतात. त्यांपैकी पुढच्या मुळाची, मागच्या मुळाकडे तोंड असलेली भिंत जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही पातळ असते. त्या बाजूला उभी खाच असते, ती चित्रात लपते आणि भिंत आहे त्याहून जाड वाटते. तिथे जास्त कोरलं तर मुळाला भोक पडतं, दाढ हातची जाते. माझ्या डॉक्टरांनी त्या बाजूला हात राखून काम केलं.

केल्स यांना स्वतःचा हात मात्र राखता आला नाही. किरणांचा जोर अजमावायला त्या काळी स्वतःचाच पंजा यंत्रापुढे धरत. वर्षानुवर्षं त्यांनी तेच केलं. कर्करोग झाला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. आधी बोटं गेली, मग पंजा, मग हात. वेदनांना कंटाळून मे 1928मध्ये त्यांनी आपलं जीवन संपवलं. आयुष्यभर जमाखर्च लिहिला, पण हा खर्च कोणाच्या नावे टाकावा, मला सुचत नाही.

ती दाढ अजून शाबूत आहे. परवा तपासणीला गेलो. मदतनीस मुलीनं यंत्र गालाशी लावलं आणि बटण दाबायला ती भिंतीआड गेली. मला केल्स आठवले.