विल्यम ग्रोव्ह

विद्यार्थी मित्रांनो, पाण्यातून वीज सोडली म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे दोन वायू वेगळे होतात, हे तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकला असाल. आता सांगा, हे दोन वायू पुन्हा एकत्र आणले, तर वीज परत मिळेल का? हा प्रयोग एका वकिलाने करून पाहिला. त्यांचे नाव विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह.

ग्रोव्ह यांचा जन्म ११ जुलै १८११ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे झाला. ऑक्सफर्डला शिक्षण घेऊन १८३५ मध्ये ते वकील झाले. पण प्रकृती साथ देईना. वकिली बाजूला ठेवावी लागली. तेव्हा स्वस्थ न बसता ते विज्ञानाकडे वळले.

१८३९ मध्ये त्यांनी जस्त व प्लॅटिनम वापरून एक जोरदार विद्युतघट तयार केला. पुढे तो तारायंत्रासाठी उपयोगी पडला. याच काळात त्यांनी वायूंवर चालणारा घटही बनवला. दोन काचनळ्या सौम्य आम्लात उपड्या ठेवल्या. एकीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन आणि दोन्हींत प्लॅटिनमच्या पट्ट्या होत्या. पट्ट्या तारेने जोडताच वीज वाहू लागली. वायू कमी होत गेले आणि त्यांचे पाणी बनले. ना ज्वाला, ना धूर!

मात्र वीज फार थोडी मिळे. वायू, आम्ल आणि धातू जेथे एकत्र भेटतात, तेथेच वीज निर्माण होते, हे ग्रोव्ह यांनी ओळखले. पण ही जागा पुरेशी वाढवण्याचे साधन त्या काळी नव्हते. पुढे जनित्रे आली, भरपूर वीज मिळू लागली आणि वायुघट मागे पडला. ग्रोव्ह पुन्हा वकिली करू लागले. १८७१ मध्ये ते न्यायाधीश झाले. १ ऑगस्ट १८९६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा घट मात्र संपला नाही. १९६५ मध्ये असे इंधनघट जेमिनी ५ या यानातून अंतराळात गेले. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांत तर घटात तयार झालेले पाणी अंतराळवीर प्याले.

काही इंधनघट सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. त्यांतून निघणाऱ्या तप्त वायूंवर गॅस टर्बाइन फिरवता येते, आणि टर्बाइनच्या जोरावर घटाला दाबाची हवा मिळते. असे २२० किलोवॅटचे जोडसंयंत्र २००० साली कॅलिफोर्नियात चालवून पाहण्यात आले. पण ही जोडी सांभाळणे सोपे नाही. एका जुवाला चपळ आणि संथ बैल जुंपावेत, तसे हे आहे. टर्बाइनचा वेग चटकन बदलतो. घट सावकाश तापतो, सावकाश निवतो. हवा किंवा इंधन एकदम कमीजास्त झाले, तर घटातील चिनी मातीसारखे ठिसूळ थर तडकू शकतात. म्हणून दोघांना क्षणोक्षणी आवरणारी नियंत्रण यंत्रणा लागते.

मित्रांनो, ग्रोव्ह यांच्या हयातीत त्यांच्या घटाचा फारसा उपयोग झाला नाही. तरी त्यांनी प्रयोग नीट केला आणि नीट लिहून ठेवला. म्हणूनच पुढच्या पिढ्यांना तेथून पुढे जाता आले.