पादरीबाबांच्या शाळेतला मराठी राजा



विद्यार्थिदशेत तुम्ही कुठल्या ना कुठल्या मंडळात बसला असाल. कुणी प्रार्थनेच्या गटात, कुणी अभ्यासमंडळात, कुणी वसतिगृहातल्या भजनात. अशा ठिकाणी दोन गोष्टी मिळतात. हे माझे लोक आहेत, असा दिलासा मिळतो; आणि हे आयुष्य कशासाठी वापरायचे, याची पहिली जाणीव होते. पुढे शिक्षण संपते, सोबती पांगतात. तेव्हा त्या दोन गोष्टींचे काय होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात जाऊ या. तिथे तंजावरच्या भोसले घराण्यातला एक मुलगा एका जर्मन पादऱ्याच्या छायेत वाढला. पुढे तो राजा झाला. त्याचे नाव सरफोजीराजे भोसले (दुसरे).

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठी राज्य उभे केले. त्याच वंशातले तुळजाराजे 1787 मध्ये मृत्युशय्येवर होते. त्यांना वारस नव्हता. भोसले कुळातल्या एका शाखेतला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. सरफोजींचा जन्म 1777 चा, म्हणजे तेव्हा ते जेमतेम नऊ वर्षांचे होते. राजांनी त्या मुलाला ज्याच्या भरवशावर सोडले तो माणूस ना त्यांच्या जातीचा होता, ना धर्माचा, ना देशाचा. त्याचे नाव ख्रिस्तियान फ्रीडरिख स्वार्ट्झ.

स्वार्ट्झ 1726 मध्ये प्रशियात जन्मले आणि 1750 मध्ये धर्मोपदेशक म्हणून तरंगंबाडीला उतरले. पुढे तिरुचिरापल्ली आणि मग तंजावर ही त्यांची कर्मभूमी झाली. त्यांनी लग्न केले नाही, संपत्ती साठवली नाही. कावेरीकाठच्या गावांत त्यांच्या शब्दाला किती वजन होते, ते एका घटनेवरून समजेल. हैदरअलीच्या स्वारीनंतरच्या वर्षांत, जुलमी वसुलीला कंटाळून हजारो शेतकरी गावे सोडून गेले होते. दरबाराच्या आश्वासनावर कुणाचा विश्वास नव्हता. स्वार्ट्झ यांनी शब्द दिला, तेव्हा सुमारे 7000 माणसे परतली. पेरणीचा हंगाम जवळजवळ टळून गेला होता. तरीही त्यांनी रात्रंदिवस राबून शेते उभी केली.

अशा माणसाच्या हाती आलेला मुलगा मात्र सुरक्षित नव्हता. तुळजाराजे गेल्यावर त्यांचे बंधू अमरसिंह यांच्याकडे सत्ता आली. मुलगा वयाने मोठा आहे, आईबापांचा एकुलता आहे, अशी कारणे पुढे आली आणि पंडितांच्या मताने दत्तकविधान अमान्य ठरले. सरफोजी राजवाड्यात जवळजवळ कैदी झाले. उजेड नाही, मोकळी हवा नाही, शिक्षण नाही. जन्मदात्यांचे घर सुटलेले आणि दत्तक घर नाकारणारे. ज्याला आपले म्हणावे असे कुणीच नाही, ही अवस्था तुमच्यापैकी ज्यांनी अनुभवली असेल, त्यांना त्या मुलाच्या मनाची कल्पना येईल.

स्वार्ट्झ स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी मद्रास सरकारकडे वारंवार दाद मागितली. अखेर 1793 मध्ये सरफोजींना तुळजाराजांच्या राण्यांसह मद्रासला हलवण्यात आले. तिथे स्वार्ट्झ यांचे सहकारी गेरिके यांनी त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. दत्तकविधानाचा शास्त्रार्थही पुन्हा तपासला गेला आणि ते वैध ठरले.

स्वार्ट्झ यांच्याभोवती जमलेले शिष्यमंडळ कसे होते, तेही पाहण्यासारखे आहे. कोलहॉफ नावाच्या सहकाऱ्याचा मुलगा योहान कास्पर त्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवला. तो पुढे तंजावरच्या मिशनचा आधार झाला. पाळयंकोट्टैचा वेदनायगम हा तमिळ ख्रिस्ती मुलगा त्यांनी लहानपणीच तंजावरला आणला. तो पुढे शाळांचा प्रमुख आणि तमिळ भक्तिकाव्याचा मोठा कवी झाला. आणि तिसरा हा मराठी राजपुत्र. एक जर्मन वंशाचा, एक तमिळ, एक मराठा. तिघांची भाषा वेगळी, घर वेगळे. पण गुरू एक.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. स्वार्ट्झ निष्ठावान ख्रिस्ती होते आणि आपली श्रद्धा त्यांनी कधी लपवली नाही. तरीही सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. ते अखेरपर्यंत शिवभक्त राहिले. मुलाने धर्म बदलला नाही म्हणून गुरूचा हात त्याच्या पाठीवरून निघाला नाही. आणि गुरूचा धर्म वेगळा म्हणून मुलाने त्याला परका मानले नाही.

13 फेब्रुवारी 1798 रोजी स्वार्ट्झ यांनी देह ठेवला. वीस वर्षांचे सरफोजी अंत्यदर्शनाला आले, रडले आणि त्यांनी गुरूच्या देहावर जरीचे वस्त्र घातले. त्याच वर्षी ते गादीवर बसले.

आता खरी कसोटी होती. 25 ऑक्टोबर 1799 च्या तहाने तंजावरचा सारा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे उरला किल्ला, वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. बावीस वर्षांचा तरुण, हाती पैसा भरपूर आणि करायला काम काही नाही. अशा स्थितीत किती संस्थानिक ऐषआरामात बुडाले, हे आपल्याला ठाऊक आहे. सरफोजींना कुणी दोष दिला नसता.

पण गुरूच्या सहवासात त्यांनी पाहिले होते की अधिकार नसलेला माणूससुद्धा शाळा चालवू शकतो, भुकेल्याला जेवू घालू शकतो, आजाऱ्याजवळ बसू शकतो. तेवढे तर त्यांना करता येत होते!

1801 मध्ये त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून आपल्या घराण्याची छत्रे आपल्याच ताब्यात राहावीत अशी विनंती केली. राज्य गेले ते गेले, अन्नदान हातून जाऊ नये, ही त्यांची तळमळ होती. तंजावरहून रामेश्वरच्या वाटेवर ही छत्रे होती. महाराष्ट्रातून सेतुयात्रेला गेलेले आपले पूर्वजही त्यांतच विसावत. वाटसरू कोणत्याही जातीचा असो, त्याला तिथे अन्न मिळे. आजाऱ्याला औषध, गरोदर स्त्रीला आधार मिळे. वाटेत आईबाप दगावले तर पोरक्या मुलांचा सांभाळ आणि शिक्षण तिथेच होई. ओरत्तनाडू गावचे मुक्तांबाळ छत्र सरफोजींनी स्वतः उभारले आणि तिथे मोठी पाठशाळा चालवली. कण्णंतंगुडी या गावी त्यांनी 50 गरीब ख्रिस्ती मुलांच्या शिक्षणाची, जेवणाची आणि कपड्यांची सोय केली. राजा हिंदू, मुले ख्रिस्ती, आणि प्रेरणा एका दिवंगत गुरूची. कधीकाळी ज्याला अंधाऱ्या खोलीत अक्षरओळख नाकारली गेली होती, त्याने असा हिशेब चुकता केला.

बाकीचे कार्य तुम्ही ऐकले असेल. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले आणि 1820 ते 1822 च्या काशीयात्रेतूनही पोथ्या जमवून आणल्या. धन्वंतरी महालात वैद्यक आणि औषधांवर काम चालले. नेत्ररुग्णांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्यांच्या छापखान्यातून 1806 मध्ये बाळबोध मुक्तावली हे इसापनीतीचे मराठी पुस्तक निघाले. बृहदीश्वराच्या मंदिरात 1803 मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. बिशप हेबर 1826 मध्ये तंजावरला आले, तेव्हा त्यांना रसायन, वनस्पतिशास्त्र आणि शेक्सपिअर यांवर जाणकारीने बोलणारा हा राजा पाहून मोठे नवल वाटले.

या कथेत एक कटू प्रसंगही आहे. तो वगळला तर कथा खोटी होईल. स्वार्ट्झ यांच्या मागे तंजावरच्या ख्रिस्ती मंडळीत जातीवरून मोठा वाद पेटला. वरच्या जातीचे ख्रिस्ती चर्चमध्ये वेगळे बसत. नव्या मिशनऱ्यांनी ही रीत मोडायचे ठरवले. वेदनायगम शास्त्रींनी जुन्या रीतीची बाजू घेतली आणि 1829 च्या सुमारास मिशनमधली त्यांची जागा गेली. एका प्रभूपुढे उभे राहून वेगळे बसण्याचा आग्रह आज आपण योग्य म्हणू शकत नाही. ज्या मंडळात कुणाला मागे बसवले जाते, तिथे आपलेपण अर्धवटच असते. पण वृद्ध झालेल्या, एकाकी पडलेल्या त्या कवीला दरबारात आश्रय देणारे सरफोजीराजेच होते. मताशी सहमती असो वा नसो, एका गुरूच्या छायेत वाढलेल्या सोबत्याला त्यांनी वाऱ्यावर सोडले नाही.

7 मार्च 1832 रोजी सरफोजीराजे निवर्तले. तंजावरला गेलात तर बृहदीश्वराचे दर्शन घेऊन जवळच शिवगंगा तळ्याच्या बाजूला स्वार्ट्झ यांचे चर्च आहे, तिथे जरूर जा. आत जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचे संगमरवरी शिल्प आहे. अंथरुणावर गुरू आणि शेजारी त्यांचा हात हाती घेतलेला राजा. ते सरफोजींनी स्वतः करवून घेतले, आणि गुरूसाठी इंग्रजीत काव्यपंक्तीही रचल्या.

वाचकहो, आपण ज्या मंडळात वाढलो तिथे परत जाऊन बसणे नेहमी शक्य नसते. आपली वाट बदलते, कधी उपासनाही वेगळी असते. पण तिथे ज्या हातांनी आपल्याला सावरले, त्यांचे काम पुढे चालवणे आपल्या हाती उरते. आज निवांत बसून स्वतःला दोन प्रश्न विचारा. माझे कुणी नव्हते तेव्हा मला आपले कुणी म्हटले? आणि आज माझ्या आसपास असा कोण आहे, ज्याला अजून कुणी आपले म्हटलेले नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले, तर उद्या सकाळी त्याच्याकडे जायला विसरू नका.