कानसेन घडविणारे गायक : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रागसंगीत प्रामुख्याने संस्थानिकांच्या दरबारात आणि धनिकांच्या खासगी बैठकींत नांदत होते. मध्यमवर्गीय घरातील मुलांच्या कानांवर कीर्तन-भजन पडे. परंतु एखादा थोर गवई समोर बसून ख्याल गातो आहे आणि आईवडिलांच्या शेजारी बसलेले मूल तो ऐकते आहे, हे दृश्य दुर्मीळ होते. गवयाची विद्या लोकांना हवी असे, पण त्याच्या व्यवसायाला प्रतिष्ठा नव्हती. ही स्थिती पालटण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते पं. विष्णु दिगंबर पलुस्कर.

त्यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात चेहऱ्याजवळ फटाका फुटून विष्णूची दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षणाची वाट बंद झाली. कीर्तनामुळे सूर-ताल घरातच होते. मिरजेच्या अधिपतींनी आश्रय दिला व पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांचे संगीतशिक्षण सुरू झाले. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविणाऱ्या या गुरूंकडे त्यांनी कठोर साधना केली.

मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण विष्णुबुवांना आले, पण ‘केवळ गवई’ म्हणून गुरुवर्यांना आले नाही, असे सांगतात. ज्या विद्येपुढे आपण नतमस्तक झालो, त्या विद्येच्या उपासकाला समाजात मान नाही, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करीत राहिली. 1896 साली राजाश्रयाची सुरक्षित छाया सोडून ते बाहेर पडले. काठियावाडच्या प्रवासात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. गाणे ऐकण्यासाठी आता कोणाच्या मेहेरबानीची वा निमंत्रणाची आवश्यकता उरली नाही. अल्प मूल्य देऊन सामान्य गृहस्थालाही सभागृहात बसता येऊ लागले.

5 मे 1901 रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. मराठी तरुण, परका प्रांत, परकी भाषा आणि आधार केवळ लोकांच्या देणग्यांचा! आरंभी विद्यार्थी अगदी थोडे होते, परंतु विष्णुबुवांनी वर्ग बंद केला नाही. हळूहळू मुले येऊ लागली. स्त्रियांसाठीही शिक्षणाची सोय झाली.

मुलांना आणि कुटुंबांना संगीताजवळ आणावयाचे तर संगीतानेही काही पावले पुढे टाकली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. अनेक बंदिशींतील उत्तान शृंगाराचे शब्द त्यांनी वगळले व त्या जागी भक्तिपर शब्द योजले. त्यामुळे आजी, आई आणि नातवंडे यांना एकत्र बसून गाणे ऐकण्यात संकोच वाटेनासा झाला. ठरलेल्या वेळी कार्यक्रम सुरू व्हावा, याविषयी ते अत्यंत दक्ष असत. विद्यालयाच्या जलशांत विद्यार्थीही गात. पुढे बसलेल्या मुलांना आपल्याच वयाची मुले गाताना दिसत. रामधून सुरू झाली की श्रोते केवळ श्रोते राहत नसत. सारी सभा त्यांच्या मागोमाग गाऊ लागे. घरी गेल्यावर मुलांना अभ्यास करता यावा म्हणून त्यांनी स्वरलेखनपद्धती सिद्ध केली आणि ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तके प्रसिद्ध केली.

या मार्गावर टीकाही झाली. वर्गात बसवून आणि पुस्तक हाती देऊन मोठा गवई तयार होत नाही, असे जाणकार म्हणत. या आक्षेपात तथ्य होते आणि विष्णुबुवांना ते ठाऊक होते. प्रत्येक मूल तानसेन व्हावे, असा त्यांचा आग्रहच नव्हता. सुजाण कानसेन घडावेत, ही त्यांची अपेक्षा होती. ऐकणाऱ्यांचा समाज निर्माण झाला, तरच गाणाऱ्याला मान आणि अन्न मिळेल, हा त्यांचा हिशेब होता. त्याच वेळी निवडक शिष्यांकडून नऊ वर्षांचा करार करून घेऊन, त्यांना अन्न-निवारा देऊन, ते उपदेशक घडवीत होते. पं. ओंकारनाथ ठाकूर, पं. विनायकराव पटवर्धन, पं. नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर ही शिष्यांची मांदियाळी याच तपश्चर्येचे फळ होय.

1908 साली मुंबईत विद्यालय सुरू झाले. स्वतःची भव्य वास्तू उभारताना कर्जाचा बोजा वाढत गेला. जलसे करून ते ऋण फेडण्याची त्यांनी शिकस्त केली. तरीही 1924च्या सुमारास वास्तूचा लिलाव झाला. आयुष्याची कमाई डोळ्यांदेखत गेली. विष्णुबुवा नाशिकच्या आश्रमात रामनामात रमले. परंतु त्यांचे शिष्य गावोगावी पोहोचले होते. त्यांपैकी पं. नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात आबालवृद्धांना भजने शिकवीत होते, आणि 1930च्या दांडीयात्रेतही ते सहभागी झाले.

21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत विष्णुबुवांचे देहावसान झाले. अनेक अपत्ये बालपणीच गेली होती. मागे उरला दहा वर्षांचा दत्तात्रेय. असंख्य मुलांना शिकविणाऱ्या या गुरूला स्वतःच्या मुलाला पुरते शिकविण्याइतका अवधी मिळाला नाही. ती उणीव शिष्यांनी भरून काढली. पटवर्धनबुवा आणि व्यासबुवा यांनी दत्तात्रेयाला घडविले. चौदाव्या वर्षी तो जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात, वडिलांच्या कर्मभूमीत, गायला. पुढे पं. द. वि. पलुस्कर म्हणून त्याने रसिकांच्या हृदयात अढळ स्थान मिळविले.

लाहोरची ती वास्तू आज आपल्या देशात नाही आणि मुंबईची वास्तू तर त्यांच्या हयातीतच हातची गेली. परंतु शाळेच्या वेळापत्रकात संगीताचा तास असतो, स्नेहसंमेलनात मुले एका सुरात गातात आणि समोर त्यांचे आईवडील, आजीआजोबा मानाने बसून ऐकतात, तेव्हा विष्णुबुवांचे विद्यालय तेथेच भरलेले असते. मराठी मुलखापासून दूर जाऊन आपली विद्या परप्रांतीय मुलांच्या ओंजळीत घालणाऱ्या या महापुरुषाचे स्मरण विद्यार्थ्यांनी केवळ जयंतीपुरते ठेवू नये. घरच्या मंडळींसमवेत एक तरी मैफल प्रत्यक्ष बसून, शांतपणे ऐकावी. त्यांनी मागितली असती अशी गुरुदक्षिणा हीच.