मार्कशीटवरचे यशवंतराव

घरात नाहीतर ओळखीत कुणी ना कुणी ‘मुक्त’मधून बीए केलेलं असतंच. त्या मार्कशीटवर ज्यांचं नाव छापलेलं असतं ते यशवंतराव चव्हाण कोण, असं विचारलं तर तुम्ही पटकन सांगाल, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. बरोबर. पण ते आपल्या नाशिकचे खासदार होते, हे माहितीये?

जन्म १९१३, देवराष्ट्रे. वडील लवकर गेले, आईने वाढवलं. तिरंगा फडकवला म्हणून १९३२ मध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली. हे सगळं शाळेत वाचलंय, म्हणून थेट १९६२ वर येऊ. चीन युद्धात कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं आणि नेहरूंनी चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. लोकसभेत जायला जागा हवी होती, ती नाशिकने दिली. १९६३ ची पोटनिवडणूक, तीही बिनविरोध! पुढच्याच वर्षी ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. त्यामुळे इथे त्यांची ओळख लढाऊ विमानांशी जोडली गेली. त्यांच्या आयुष्यातला उलट्या बाजूचा एक काळ मात्र फारसा कुणी सांगत नाही.

१८ मे १९७४ ला पोखरणमध्ये अणुस्फोट झाला, तेव्हा चव्हाण अर्थमंत्री होते. ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडे परराष्ट्र खातं आलं आणि जगाचा राग त्यांच्या टेबलावर येऊन पडला. स्फोटातलं प्लुटोनियम कॅनडाने दिलेल्या तुर्भ्याच्या अणुभट्टीतलं होतं. स्फोट शांततेसाठी होता, असं भारत म्हणत होता. खरं सांगायचं तर ते जगाच्या गळी उतरणं अवघडच होतं.

आता दोन देश कसे वागले ते बघा. कॅनडाने मदत लगेच थांबवली. मग दोन वर्षं बोलणी झाली, मार्च १९७६ मध्ये समझोता हाताशी आला, पण ओटावातल्या मंत्रिमंडळाने तो नाकारला आणि अणुसहकार्य तोडलं. काय मिळालं? राजस्थानातली अर्धवट राहिलेली दुसरी अणुभट्टी भारताने स्वतःच पूर्ण केली. कॅनडाच्या हातात मात्र भारताला अडवायचं काहीच उरलं नाही.

अमेरिकाही चिडली होती. तरी हेन्री किसिंजर ऑक्टोबरच्या अखेरीस दिल्लीत आले आणि चव्हाणांसोबत त्यांनी संयुक्त आयोगाच्या करारावर सही केली. व्यापार, विज्ञान, शिक्षण असे विषय. मंत्रिपदाला महिनाही झाला नव्हता! आपल्या तारापूरचं अमेरिकी इंधन त्या काळात अडखळत का होईना, येत राहिलं. ते थांबवायची सोय असलेला कायदा अमेरिकेने १९७८ मध्ये केला, तोवर चव्हाण पदावर नव्हते.

म्हणून ते सगळ्यांना हो म्हणत होते असं समजू नका. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर भारताने सही केली नाही ती नाहीच. पाच देशांनी बॉम्ब ठेवायचे आणि बाकीच्यांनी शपथा घ्यायच्या, हा त्यातला आक्षेप मला आजही पटतो. दक्षिण आशिया अण्वस्त्रमुक्त करा, असा ठराव पाकिस्तानने संयुक्त राष्ट्रांत आणला. त्यावर भारताने वेगळा ठराव मांडला, की असा पुढाकार या भागातल्या देशांनीच आपसांत बोलून घ्यावा.

आणि चव्हाणांच्या खात्याने बोलणी केलीही. एप्रिल १९७६ मध्ये त्यांनी लोकसभेत जाहीर केलं, की चीनमध्ये पुन्हा राजदूत जाणार. ज्या चीनमुळे ते दिल्लीत आले होते, तोच हा चीन. पोखरणनंतर पाकिस्तानने बोलणी लांबवली होती, ती पुढे सुरू झाली. जुलै १९७६ मध्ये समझोता एक्स्प्रेस धावली, विमानं आणि राजदूतही परतले. हे सगळं आणीबाणीत घडलं, हेही विसरू नका. घरात बोलायला बंदी आणि शेजाऱ्याशी संवाद, असा तो काळ.

मार्च १९७७ मध्ये काँग्रेस हरली, चव्हाणांचं खातं गेलं. २५ नोव्हेंबर १९८४ ला ते वारले. समझोता एक्स्प्रेस सुरू झाली त्याच वर्षी पाकिस्तानात काहुट्याची प्रयोगशाळाही सुरू झाली होती.